विद्या कोणी द्यावी?

केरळातील अगस्त्यकूट पर्वताच्या रानांत काणी नावाचे आदिवासी राहतात. 1987 साली तेथे हिंडणारे शास्त्रज्ञ चढणीने थकून गेले. वाटाडे काणी तरुण मात्र एक रानफळ चघळीत ताजेतवाने चालत होते. ते फळ कोणते, हे सांगण्यास तरुण प्रथम राजी होईनात, कारण ती जमातीची गुप्त विद्या. अखेर त्यांनी ‘आरोग्यपच्चा’ दाखविली. पुढे तीवरून ‘जीवनी’ हे औषध निघाले, 1995 साली ते करण्याचा परवाना कोइंबतूरच्या एका आयुर्वेदीय औषधशाळेस मिळाला, आणि शुल्काचा निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरले.

हा व्यवहार पुष्कळांनी वाखाणला, व तो तसा आहेही. तथापि काणींच्या काही वैद्यांनी, ज्यांस प्लाथी म्हणतात, त्यास हरकत घेतली. मला त्यांची बाजू अगदीच परकी वाटत नाही. विद्या दिल्याने देणाऱ्याची उणी होत नाही, हे खरे. मग गुप्तता कशाला? तर विद्येबरोबर ‘कोणास, केव्हा, किती’ हेही शिकवावयाचे असते. दोघा-तिघा वाटाड्यांना झाड दाखविता आले. हे उरलेले शिकविण्याचा अधिकार त्यांचा होता काय? पैशाच्या वाटणीने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

मागे आमच्या देवळात एका पाहुण्याने वडिलांचे मंत्रपठण न विचारता मोबाईलवर टिपून घेतले. वडील दिवसभर अस्वस्थ होते. विचारले असते, तर त्यांनी त्यास समोर बसवून दोनदा म्हणून दाखविले असते.