समेटाला बसताना



अमेरिकेतील मिसुरी राज्यात एका महिलेने आपल्या पूर्वीच्या कंपनीवर लैंगिक छळाचा दावा लावला. न्यायालयाने दोन्ही पक्षांना मध्यस्थापुढे बसण्याचा आदेश दिला. कंपनीने आधी द्यायचे लेखी निवेदन दिलेच नाही. बैठकीला माणूस पाठवला, पण त्याला तडजोड ठरवण्याचा अधिकार नव्हता. बैठक निष्फळ ठरली. न्यायालयाने कंपनीला त्या महिलेचा वकिलाचा खर्च भरायला लावला आणि वर १,५०० डॉलर दंड ठोठावला. २००१ साली वरच्या न्यायालयानेही तो कायम केला. दंड तडजोड न केल्याचा नव्हता. मनापासून प्रयत्न न केल्याचा होता.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात (५:२३-२४) प्रभू येशू आपल्याला अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, एवढे आठवले तरी पुरे, जायचे आपणच.

आपणही जातो. जमिनीच्या बांधावरून, घराच्या वाटणीवरून चार वडीलधाऱ्यांसमोर बसतो. पण ‘एक इंचही सोडणार नाही’ असे घरूनच ठरवून निघालो, तर आपणही त्या माणसासारखेच: शरीराने हजर, पण देण्यासारखे हाती काही नाही. अन्याय मुकाट्याने सोसावा, असे प्रभू सांगत नाही. खरे बोलावे, खरे ऐकावे आणि चूक आपली असेल तर ती भरून द्यावी.

मिस्सामध्ये शेजाऱ्याला शांती देताना, जो भाऊ दुसऱ्या बाकावर बसतो त्याची आठवण ठेवू या. या आठवड्यात त्याच्या दारी जाऊ या, मन मोकळे करून.