शेतकऱ्याचा आप्त कोण?

एखादे ज्ञान कशाच्या आधारावर खरे मानावे, त्या आधाराला भारतीय दर्शने ‘प्रमाण’ म्हणतात, आणि न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला ‘शब्द’ हे चौथे प्रमाण मानले आहे. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे, आणि असा विश्वासू माणूस म्हणजे ‘आप्त’. ही चर्चा वेदप्रामाण्यापुरतीच आहे असा समज असला, तरी अमरावती-अकोल्याच्या काळ्या कोरडवाहू रानात कपाशी, तूर आणि सोयाबीन पेरणारा शेतकरी वाण, खत आणि फवारणी यांविषयीचे कितीतरी निर्णय दुसऱ्याच्या शब्दावरच घेत असल्यामुळे, आप्त कोणाला म्हणावे हा प्रश्न वऱ्हाडात पोथीबाहेरचा आणि पोटाचा आहे.

न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. त्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणलेली असावी, त्याच्या ठायी भूतदया असावी आणि गोष्ट जशी आहे तशीच सांगण्याची त्याला इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असेही तो म्हणतो, म्हणजे आप्तपण जन्माने किंवा पदाने मिळत नाही. वेदांचे प्रामाण्य सांगताना न्यायसूत्रांनी आयुर्वेदाचा दाखला घेतला, कारण औषधाचा गुण आला की सांगणाऱ्याचा शब्द खरा ठरतो. शेतीतही कसोटी फळाचीच. परंतु ते हाती यायला पाच-सहा महिने जातात आणि शब्द चुकीचा निघाला तर गेलेला हंगाम परत येत नाही, म्हणून येथे पारखण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर ढकलणे हा अन्याय आहे.

श्रावणाच्या सुमारास कपाशीवर तुडतुडे दिसले की शेतकरी दोन-चार पाने पिशवीत घालून तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जातो. गल्ल्यावरचा माणूस पान उलटून पाहतो आणि फळीवरचा डबा काढून देतो. हा सल्ला वेळेवर मिळतो, ओळखीच्या बोलीत मिळतो, पुष्कळदा उधारीवरही मिळतो, आणि अनेक गावे सांभाळणारा कृषी सहायक त्या दिवशी भेटेलच असे नसते. दुकानदार लबाड असतो असे म्हणण्याचे कारण नाही. पण सांगणे आणि विकणे एकाच हाताने होत असेल, तर ‘या आठवड्यात फवारणी नको’ हे वाक्य त्या गल्ल्यावर ऐकू येणे कठीण. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. पाठीवर पंप घेऊन फवारणारा शेतमजूर मात्र तो डबा विकत घेत नाही, आणि त्रिकोणाचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला असतोच असे नाही. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि डब्यावर हा त्रिकोण छापणे कायद्याने तेव्हाही बंधनकारकच होते.

ज्ञान शेवटच्या माणसाच्या भाषेत उतरले पाहिजे, हा आग्रह या भूमीला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्राचीन स्थान. त्या पंथाचे आचार्य नागदेव यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजांना अडवले, कारण तसे झाल्यास पंथातल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. वात्स्यायनाची भूतदया ती हीच. पोथी आणि शेत यांची सांगडही याच जिल्ह्याने पाहिली आहे; येथील पापळचे पंजाबराव देशमुख यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर विलायतेत संशोधन केले आणि पुढे 1952 ते 1962 या काळात केंद्रात कृषिखाते सांभाळले. अकोल्यात 1969 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने चालते.

विद्यापीठाच्या ‘शिवारफेरी’त शेतकरी प्रात्यक्षिकाचे पीक डोळ्यांनी पाहतो, तेव्हा शब्दाला प्रत्यक्षाची जोड मिळते, आणि हा मार्ग फार चांगला आहे. तरीही आप्ताची पहिली खूण, म्हणजे स्वतः साक्षात जाणणे, तेथे पुरी होतेच असे नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूगर्भातले पाणी खारे असलेल्या टापूत, विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही. तेथली जमीन कधी वापशाला येते आणि केव्हा भेगाळते हे तेथे जन्म काढलेल्या शेतकऱ्यानेच साक्षात जाणलेले असते. त्या बाबतीत आप्त तो आहे आणि वैज्ञानिकाने श्रोता व्हायचे आहे. ज्ञान खाली उतरवायचे असते ही कल्पनाच येथे अपुरी पडते.

धान्याच्या व्यवहारातही शेतकऱ्याचे जाणणे एक आणि बाहेरची कसोटी दुसरी असते. सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून शेतकरी तो वाळल्याचे ठरवतो, तर हमीभावाच्या खरेदीत माल 12 टक्के ओलाव्याच्या मर्यादेत आहे की नाही हे यंत्र ठरवते. आणि गाडी भरून केंद्रावर आणल्यावर जर तो आकडा कळला, तर ती माहिती शेतकऱ्याच्या काही उपयोगाची नसते.

मराठीत ‘आप्त’ म्हणजे सोयरा, आणि सोयरा नुकसानीतही वाटेकरी असतो. कृषी विभागाने आणि विद्यापीठाने एवढे तरी करावे, की ओलाव्याची मर्यादा पेरणीच्याच सभेत सांगावी, आणि डब्यावरचा त्रिकोण फवारणाऱ्या मजुराला बांधावर उभे राहून समजावून द्यावा.