बर्फ, आडनाव आणि तीन ओळी



डिसेंबरात लंडनला चारच्या आतच सूर्य मावळतो. कामाला निघताना अंधार, परततानाही अंधार. या दिवसांत मी रोज एक हायकू लिहितो. तुम्हीही लिहून पाहावा असे वाटते. पण आधी एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. आपल्यातल्या एका ज्येष्ठांनी वंदनेनंतर मला सरळच विचारले, "बाबासाहेबांनी धम्म दिला तो काय झाडं-पाखरं बघत बसायला?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हल्ली ऑफिसांतही 'माइंडफुलनेस'चे वर्ग असतात. डोळे मिटा, श्वास बघा, शांत व्हा. अशांत कशामुळे झालात, हे मात्र कोणी विचारत नाही. हायकू त्यातलाच प्रकार असेल, तर तो आपल्याला नको.

पण रिचर्ड राइट आठवा. मिसिसिपीत जन्मलेला, 'नेटिव्ह सन' (१९४०) आणि 'ब्लॅक बॉय' (१९४५) लिहून अमेरिकेतला वर्णद्वेष जगापुढे मांडणारा कृष्णवर्णीय लेखक. पॅरिसमध्ये, आजारपणात, अखेरच्या सुमारे दीड वर्षात त्याने जवळजवळ ४००० हायकू लिहिले. १९६० च्या नोव्हेंबरात तो गेला. हा माणूस लढाईतून पळाला असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. ज्याला जगाने आयुष्यभर कातडीच्या रंगावरून पाहिले, त्याने जगाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा हक्क घेतला, असे मला वाटते. आपल्या पूर्वजांना तरी तळ्याकाठी निवांत बसायची मोकळीक कुठे होती? त्या पाण्याला हात लावायलाच १९२७ साली महाडला जावे लागले.

(मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ज्यांनी भाषण केले, त्या आचार्य अत्र्यांच्या त्या कन्या.)

लिहायचे कसे? जपानीत ५-७-५ चे माप आहे. आपण त्याचा हट्ट धरू नये. तीन छोट्या ओळी. त्या दिवशी खरोखर दिसले, ऐकले, झोंबले तेवढेच. उपमा नको, उपदेश तर नकोच.

यात फसवणूकही होते. गेल्या जानेवारीत एका मराठी घरी जेवणाला गेलो होतो. चहा घेताना कोणीतरी गोड आवाजात विचारले, "तुमचं मूळ आडनाव काय हो?" त्या रात्री मी खिडकीबाहेरच्या बर्फावर लिहिले: सगळे शुभ्र, सगळे शांत. सकाळी वाचले आणि लाज वाटली. बर्फ पडला होता, हे खरे. शांत काहीच नव्हते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेब सम्यक स्मृतीला मनाचा पहारा म्हणतात. माझा पहारेकरी तर 'सब ठीक' म्हणून झोपला होता. ती पाने फाडली नाहीत, फक्त काट मारली आणि खाली लिहिले:

आडनाव विचारले—
हातातला चहा
निवत गेला

राग त्याने कमी झाला नाही. पण तो आहे, हे निदान वहीत आले.

परवा हा हायकू मी त्या ज्येष्ठांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ठीक आहे. पण तू उत्तर काय दिलंस?"

मी गावाचे नाव सांगून विषय बदलला होता. ते अजून वहीत लिहिलेले नाही.