समुद्रातून वाचलेल्यांची दुखणी

मध्य भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या बचाव जहाजांवरच्या डॉक्टरांना वारंवार दिसणारी जखम भाजल्याची असते. लिबियातल्या झुवारा, सब्राथा, झाविया अशा ठिकाणांहून इटलीकडे निघणाऱ्या स्थलांतरितांच्या रबरी होडीत पुरुष कडेच्या फुगीर नळ्यांवर पाय टाकून बसतात. बायका-मुलांना जपायचे म्हणून मधोमध, तळाशी बसवतात. सांडलेले पेट्रोल आणि आत शिरलेले खारे पाणी नेमके तिथेच साचते. त्यात तासन्‌तास बसून मांड्यांची, कुल्ल्यांची कातडी सोलवटून निघते, आणि अंगाला चिकटलेले कपडे काढेपर्यंत भाजणे चालूच राहते. म्हणून जहाजावर घेतल्याबरोबर कपडे उतरवून गोड्या पाण्याने अंघोळ घालणे हाच पहिला उपचार. जपण्याच्या जागेनेच बायकांचा घात करावा, हा या प्रवासातला क्रूर योगायोग.

लाकडी बोटींत धोका वेगळा. डेकखालच्या कप्प्यात कोंबलेली माणसे इंजिनाच्या धुराने गुदमरतात. पाण्यात पडलेल्याला बाहेर काढतानाही सांभाळावे लागते: गारठलेल्या माणसाला उभे ओढून घेतले, तर भोवतालच्या पाण्याचा दाब एकदम जातो, रक्तदाब कोसळतो आणि तो वाचवणाऱ्यांच्या हातांतच दगावू शकतो. शक्य असेल तर त्याला आडवेच उचलतात. नाकातोंडात पाणी गेलेल्यांवर पुढचे काही तास लक्ष ठेवावे लागते.

उरलेली बरीच दुखणी समुद्राची नव्हेतच. खरूज, उपासमार, नीट न जुळलेली हाडे, चटक्यांचे वण ही स्थलांतरितांना डांबणाऱ्या लिबियातल्या कोठड्यांची देणगी. तिथे खंडणीसाठी मारहाण होते, कधी घरच्यांना फोनवर किंकाळ्या ऐकवतात. बलात्कारातून गरोदर राहिलेल्या स्त्रियाही जहाजांवर येतात. त्यांच्याशी बोलायला निदान आडोसा आणि बाई दुभाषी लागते.

मनाचे दुखणे मागाहून उमटते. डेकवर काही जण गातात, काही दगडासारखे बसून राहतात. त्यावरून पुढचे काही ओळखता येत नाही. नंतर झोप उडते, दुःस्वप्ने पडतात, बुडालेल्या सोबत्यापायी अपराधी वाटते. बांगलादेशातून आलेल्या अनेक तरुणांच्या डोक्यावर दलालाला दिलेल्या पैशांचे कर्जही असते. त्यात बंदराची वाट पाहणे. जून २०१८ मध्ये ६०० हून अधिक माणसे घेतलेल्या बचाव जहाज ‘अ‍ॅक्वेरियस’ला इटली आणि माल्टाने बंदर नाकारले, माणसे उतरली ती स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात. २०२३ पासून इटलीच्या नियमानुसार जहाजाने एका बचावानंतर विनाविलंब नेमून दिलेले बंदर गाठायचे असते, आणि ते पुष्कळदा आंकोना, जेनोवा असे दूरचे असते. भाजलेल्या बाईचे आणखी काही दिवस समुद्रावरच जातात. याला प्रशासकीय सोय म्हणणे कठीण आहे.

किनाऱ्यावर आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत महिनोन्‌महिने, कधी वर्षे जातात. अनिश्चितता, रिकामपण आणि एकटेपणा यांनी नैराश्य बळावते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. इथे डॉक्टरचे काम कागदावरही येते. छळाच्या खुणा कशा तपासाव्यात आणि नोंदवाव्यात, याचे संयुक्त राष्ट्रसंघाने प्रसिद्ध केलेले मार्गदर्शन ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ या नावाने ओळखले जाते. ते १९९९ मध्ये तयार झाले आणि २०२२ मध्ये सुधारले गेले. आघाताने स्मृती विस्कटते, तारखा आणि क्रम चुकतात. तेवढ्यावरून माणूस खोटे बोलतो असे धरू नये, हे त्यात स्पष्ट केले आहे. अर्ज तपासणारा अधिकारी मात्र बहुधा तारखांपासूनच सुरुवात करतो.