शंका कोणापाशी मांडावी?

ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या खातेदारांची बनावट कार्डे २८ देशांतल्या एटीएममध्ये सरकवली गेली आणि यंत्रांनी मुकाट पैसे दिले. दोनच दिवसांनी ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४ कोटींचा. तिजोरी कोणी फोडली नव्हती. पैसे द्यायचे का, या प्रश्नाला बँकेच्या वतीने ‘हो’ म्हणणारा खोटा स्विच हल्लेखोरांनी मध्येच बसवला होता. उत्तर ओळखीच्या वाटेने आले, म्हणून ते खरे मानले गेले.

ज्ञान खरे कशावरून, हा भारतीय तत्त्वज्ञानातला फार जुना वाद आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळातच प्रमाण असते. त्याला बाध आणणारे काही समोर येईपर्यंत त्यावर विसंबावे. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञानाचे खरेपण दुसऱ्या पुराव्याने पडताळावे लागते, असे ते सांगतात. माहिती-प्रणालींचा ऑडिटर पेशानेच नैयायिक असतो. लॉगमध्ये नोंद आहे एवढ्याने त्याचे भागत नाही. तो लॉग कोणाला बदलता येतो, हे तो आधी पाहतो.

यावर मीमांसकांचा प्रतिप्रश्न बोचरा आहे. पडताळणाऱ्या ज्ञानाची पडताळणी कोण करणार? आणि तिची? याच अनवस्थेचे संगणकातले रूप संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९८३ साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले. चोरवाट प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमध्येच दडवली, तर मूळ प्रोग्रॅमची ओळ न् ओळ वाचूनही ती सापडत नाही.

नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेला मर्यादा घातली: शंका घेणाऱ्याचे स्वतःचेच वागणे तिच्याशी विसंगत ठरू लागले, की ती थांबते. धूर हवा असलेला माणूस विस्तवच पेटवतो. तिथे त्याची शंका उरत नाही. ऑडिटरला मात्र हा दिलासा पुरत नाही. धूर आणि विस्तव यांचे नाते रातोरात कोणी बदलत नाही. संगणकातली नाती बदलता येतात, आणि ती बदलायला कोणीतरी टपलेला असतो.

मग एकट्याने किती शंका घ्यायची? न्यायसूत्रांचा चौथा अध्याय याचे उत्तर माणसांत शोधतो. तीच विद्या जाणणाऱ्यांशी, म्हणजे शिष्य, गुरू, सहाध्यायी अशा मत्सर नसलेल्या लोकांशी, संवाद करावा असे तो सांगतो. सत्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केलेली वितंडा यांत सूत्रे काटेकोर भेद करतात. तरी शेवटच्या दोहोंनाही जागा आहे: रोपांभोवती काटेरी कुंपण घालावे, तशी ती निश्चित ज्ञानाची राखण करतात. परवानगी घेऊन यंत्रणा फोडून पाहणारा पेनिट्रेशन टेस्टर असेच कुंपण उभारतो.

वादासाठी मात्र बैठक लागते. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘आयसॅका’ या माहिती-प्रणाली ऑडिटरांच्या संघटनेचे चॅप्टर मुंबई-पुण्यातही आहेत. तिचे ‘सीसा’ प्रमाणपत्र टिकवायला वर्षाला किमान २० आणि तीन वर्षांत १२० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. चॅप्टरची व्याख्याने त्यात धरली जातात. काही प्रमाणपत्रधारक निवडून त्यांच्या नोंदी तपासल्याही जातात. तपासनीसाचीही तपासणी होते, हे चांगलेच आहे. पण तपासले जातात ते तास. त्या तासांत कोणी आपली शंका मोकळेपणाने मांडली का, हे कुठल्याही नोंदवहीत येत नाही.

मोकळेपणाला गुप्ततेची अडचण येते. ग्राहकाची माहिती फोडू नये, हा ऑडिटरच्या आचारसंहितेचा दंडक योग्यच आहे. पण एका बँकेत सापडलेली फट दुसऱ्या बँकेतही असू शकते, आणि तिथल्या ठेवीदारांचे आपल्याशी काहीच नाते नाही, असे नीतीच्या दृष्टीने म्हणता येत नाही. बँकेचे नाव, शहर, तारीख वगळून फटीची रचना सांगता येते. तेवढे सांगणे हे कर्तव्यच मानायला हवे.

महाराष्ट्रातल्या अनेक लहान सहकारी बँकांना स्वतंत्र सुरक्षा विभाग परवडत नाही. बाहेरून येणारा ऑडिटर हाच त्यांचा मोठा आधार. तिथे नव्याने काम करणाऱ्या तरुणाला चॅप्टरच्या बैठकीत ज्येष्ठांच्या यशाच्या कहाण्यांपेक्षा, त्यांच्या नजरेतून काय निसटले आणि का निसटले, हे ऐकायला मिळाले पाहिजे.