देणाऱ्याचा हात

सातबाऱ्यावर वारसाची नोंद करावयाची असली म्हणजे कागदाखालीं कांहीं ठेवावें लागतें, असें आमच्या खेड्यांतून इतक्या सहज बोलतात कीं, जणूं तो सरकारी फीचाच एक भाग आहे! घेणाऱ्यास आम्ही मनसोक्त नांवें ठेवतों. देणारा हात कोणाचा, हें मात्र विचारीत नाहीं. गरिबाची अडचण आम्हांस ठाऊक आहे. ज्याचें पीककर्ज त्या एका नोंदीवांचून अडलें आहे, त्यास धीर धर म्हणणें सोपें नाहीं. तथापि नाइलाजानें देणें निराळें, आणि आपला अर्ज वर यावा म्हणून देणें निराळें. दुसऱ्या प्रकारांत खालीं जातो तो शेजाऱ्याचा अर्ज. (असा शेजारी पुष्कळदां उपासनेंत आमच्याच रांगेंत बसलेला असतो.)

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हां त्यानें त्यांस चाकरी सोडा म्हटलें नाहीं. ठरल्याहून अधिक घेऊं नका, एवढेंच सांगितलें. मग ठरलेलें किती, हें देणाऱ्यासहि ठाऊक नको काय? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें १० रुपये भरून, माझा अर्ज कोठें अडला, असें विचारतां येतें, व सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावें लागतें. २०१८ च्या दुरुस्तीनें लांच देणें हाहि स्वतंत्र गुन्हा झाला आहे; ज्यास देणें भाग पडलें त्यानें ७ दिवसांत पोलिसांस कळविल्यास तो दोषी ठरत नाहीं. मागणी होतांच, पैसे देण्यापूर्वींच, लांचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ वर कळवावें हें उत्तम.

एकट्यास भय वाटतें, तें खोटें नाहीं. म्हणून अर्ज लिहितांना उपदेशकबंधूंनीं जवळ बसावें, आणि कचेरींत जातांना मंडळींतील दोघे-तिघे बरोबर असावे.