बाँडसाहेबांची निवृत्ती

जेम्स बाँडचं वय झालं की नाही, याच्याशी सोलापूरकराचं तसं काही देणंघेणं नाही. आमच्याकडं माणसाचं वय त्याला कडक भाकरी चावते की नाही यावर ठरतं. तरीपण जुना बाँड काढून नवा आणायचा म्हटलं, की आमच्या कॅश काउंटरमागं जी चर्चा रंगते, ती पगाराच्या करारावरसुद्धा रंगत नाही. दोन्ही ठिकाणी आमचं कुणी ऐकत नाही हे खरं. पण बाँडच्या बाबतीत निदान आमचं नुकसान होत नाही!

हिशेब मांडूनच सांगतो. 1962 मध्ये 'डॉक्टर नो' आला तेव्हा शॉन कॉनरी 32 वर्षांचा होता. पुढं तो कंटाळला. 1969 साली जॉर्ज लेझनबी एका चित्रपटापुरता येऊन गेला, रजेवरच्या माणसाच्या जागी यावा तसा. 1971 मध्ये कॉनरी परत आला, पुन्हा गेला, आणि 1973 पासून रॉजर मूर रुजू झाला. आता गंमत बघा. हा मूर कॉनरीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठा! म्हणजे नवा बाँड आणला, तो जुन्याहून जुना. बरं, हा नवा माणूस 1985 पर्यंत हलला नाही. शेवटच्या चित्रपटात तो 57 वर्षांचा होता. आपण नायिकेच्या आईपेक्षाही मोठे आहोत हे कळलं तेव्हा आपण उमजलो, असं पुढं त्यानं स्वतःच सांगून टाकलं. हा मोठेपणा सगळ्यांना जमत नाही.

'डॉक्टर नो' लंडनमध्ये झळकला 5 ऑक्टोबर 1962 ला. बरोबर तीन दिवसांनी, 8 ऑक्टोबरला, दिल्लीत आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग झाला. आमचा लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, वेषांतरात बाँडला तसूभरही कमी नाही. फरक एवढाच, की बाँड सरकारी परवान्यानं लोकांना फसवतो आणि लखोबा विनापरवाना. प्रभाकर पणशीकर तेव्हा 31 वर्षांचे. 2021 पर्यंत तिकडं बाँडच्या खुर्चीवर सहा माणसं बसून उठली. इकडं पणशीकर पुढची कित्येक दशकं लखोबा करत राहिले. डॉक्टर गिरीश ओकांनी ती भूमिका केली ती त्यांच्यामागून. मग सांगा, शहाणे कोण? माणूस बदलणारे, की न बदलणारे?

मी कॉमर्सचा माणूस, तेव्हा मला हा प्रश्न घसाऱ्याचा वाटतो. यंत्राची किंमत दरवर्षी थोडी खाली आणायची, हा घसारा. उलट दुकानाचं नाव जितकं जुनं तितकी त्याची किंमत वर, हे गुडविल. निर्मात्याच्या वहीत नट म्हणजे यंत्र: गुडघा इतका झिजला, केस इतके गेले. प्रेक्षकाच्या वहीत तोच नट म्हणजे गुडविल. पंचाईत अशी, की घसारा आणि गुडविल दोन्ही एकाच हाडामांसाच्या माणसावर लिहायचे असतात, आणि ताळेबंद जुळवायचा असतो त्याला एकट्याला, मेकअपच्या आरशापुढं.

बालगंधर्वांचंच बघा. जन्म 1888 चा. साठी ओलांडली तरी ते नायिकेचं लुगडं नेसून उभे राहत. आमचे आजोबा सांगायचे, "शेवटी शेवटी आम्ही डोळे मिटून नाटक बघायचो." लहानपणी मला हे प्रेमाचं फार मोठं लक्षण वाटे. आता चाळिशी ओलांडल्यावर वाटतं, प्रेम तर होतंच. पण डोळे मिटण्यात थोडी सोयही होती. उघडे ठेवले असते तर कुणाला तरी उठून म्हणावं लागलं असतं, "नारायणराव, आता बसून गा." हे म्हणणारा दुष्ट ठरतो. न म्हणणारा रसिक ठरतो. आणि उभं राहण्याचे कष्ट मात्र तिसऱ्याच माणसाला पडतात.

या बाबतीत बँक फार दयाळू आहे. साठ पूर्ण झाले, की त्या महिन्याच्या अखेरच्या तारखेला माणूस निवृत्त. तो किती हुशार होता, किती चुकत होता, प्रश्नच नाही. शाल, श्रीफळ, एक सोलापुरी चादर, दोन भाषणं, आणि "आता नातवंडांत रमा." त्याला कुणी 'तू आता चालत नाहीस' म्हटलेलं नसतं, कॅलेंडरनं म्हटलेलं असतं. कॅलेंडरवर कोण रागावणार? कलावंताच्या नशिबी हे कॅलेंडर नाही. म्हणून ते काम माणसांनाच करावं लागतं, आणि ज्यांनी त्याच्या जिवावर तिकिटं विकली आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या दोघांचंही ते कर्तव्य आहे. त्यातले पहिले ते उशिरा आणि कोरडेपणानं करतात. दुसरे करतच नाहीत. उलट नव्या माणसाचा छळ करतात. नवी सून आमटी करते, आणि घरातले घास घेऊन म्हणतात, "आईची चव नाही ओ." आईला त्यामुळं सुख होतं का? मुळीच नाही. तिला फक्त परत चुलीपुढं उभं राहावंसं वाटतं.

संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. उंच, जड, वर सजवलेले. पेलणाऱ्यांचा सराव आधीपासून चाललेला असतो. वाटेत पेलणारे बदलतात. पण पहिल्यानं सोडायच्या आत दुसऱ्यानं धरलेलं असतं, आणि पहिला लगेच घरी जात नाही. तोल जाईल की काय म्हणून थोडं अंतर बरोबर चालतो. बघणाऱ्यांत कुणी म्हणत नाही, "अरेरे, मघाचा गेला!" सगळ्यांच्या माना वर असतात, ध्वज सरळ आहे ना एवढंच बघत. पण शेजारून चालणाऱ्या त्या घामाघूम माणसाला कुणीतरी पाणी मात्र देतं.

बाँडवाल्यांनी एकदा जानेवारीत सोलापूरला यावं. राहायची सोय आम्ही करू.